एफ-35बी वाढवायची की सीएच-53? मरीन तुकडीचा विमानताफा ठरवताना

अमेरिकन मरीन कॉर्प्सची एमईयू म्हणजे साधारण 2,200 जणांची, जहाजावरून उतरणारी तुकडी, आणि तिच्या विमानांचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो एफ-35बी, म्हणजे जहाजावर सरळ खाली उतरू शकणारी लढाऊ जेट, किती घ्यायची. मला वाटतं सुरुवातच तिथे चुकते. डेकवरची जागा मोजकी असते, चार जेट वाढवली तर दुसरं काहीतरी किनाऱ्यावर ठेवून निघावं लागतं. म्हणून आधी ठरवा माणसं किती लांब न्यायची आणि सोबत वजन किती.

नेहमीचा ताफा असा: 10-12 ऑस्प्रे (हेलिकॉप्टरसारखं उतरणारं, विमानासारखं उडणारं), 4 सीएच-53ई (अवजड हेलिकॉप्टर), 4 कोब्रा (हल्ल्याचं हेलिकॉप्टर), 3 ह्युई (हलकं हेलिकॉप्टर) आणि 6 जेट.

माणसांसाठी ऑस्प्रेला तोड नाही, 24 सैनिक बसतात आणि वेग जुन्या सीएच-46 हेलिकॉप्टरच्या जवळजवळ दुप्पट. पण केबिन अरुंद, हमवी ही लष्करी गाडी आत जातच नाही, तिथे सीएच-53ई लागतं, ते 16 टनांपर्यंत ओझं खाली लटकवून नेऊ शकतं. आणि लांबचा पल्ला त्यालाही जमतो बरं का. जानेवारी 1991 मध्ये सोमालियात मोगादिशूतल्या अमेरिकन दूतावासातली माणसं सोडवायला दोन सीएच-53ई जहाजावरून निघाली ती सुमारे 460 नॉटिकल मैल, रात्रीच्या अंधारात, हवेतच इंधन भरत. जहाजं जवळ आल्यावर उरलेल्या लोकांना सीएच-46 नी आणलं.

सगळा भार एकट्या ऑस्प्रेवर टाकू नका हे मी मुद्दाम सांगतोय. नोव्हेंबर 2023 च्या जपानजवळच्या अपघातानंतर सगळी ऑस्प्रे काही महिने जमिनीवर होती, मार्च 2024 मध्ये उडायला लागली ती पर्यायी धावपट्टीपासून 30 मिनिटांच्या आत राहायच्या अटीवर, भर समुद्रातल्या जहाजाला अशी अट किती जाचक ते बघा.

कोब्रा-ह्युई जोडीचे जवळपास 85 टक्के भाग सारखे, त्यामुळे जहाजावर स्पेअर कमी लागतात. मात्र कोब्रा ऑस्प्रेच्या वेगाला पुरत नाही, लांबच्या मोहिमेत सोबत जेटच हवं. मार्च 2011 मध्ये लिबियात अमेरिकेचं एफ-15ई लढाऊ विमान पडलं तेव्हा नेमकं हेच दिसलं, वर हॅरियर जेट, वैमानिकाला उचलायला ऑस्प्रे आणि राखीव सैनिक घेऊन मागे सीएच-53ई. तिन्ही एकाच जहाजावरची.

जेटच जास्त हवीत तर तेही होतं, 2022 मध्ये ट्रिपोली या जहाजावर 20 एफ-35बी चढवून बघितली. समोर मोठं आरमार असेल तर मीही तेच निवडेन. पण मग सैनिक उतरवायला हेलिकॉप्टरं फार थोडी उरतात, आणि अमेरिका आणि ट्रिपोली या दोन्ही जहाजांना वेल डेक (होड्या आत-बाहेर करायचा, पाण्याने भरता येणारा भाग) नाही, म्हणजे त्यांच्यावरची वाहनं होडीने किनाऱ्यावर नेता येत नाहीत, जे न्यायचं ते उडवूनच. त्यामुळे या दोघींवर 6 जेट ठेवा, आणि जागा कमी पडली तर एखादं ऑस्प्रे कमी करा, चार सीएच-53 मधलं एकही काढू नका.