फार्मसीचा सिलॅबस बदलताना बाहेरच्यांना घ्यायचं कसं? सर्व्हे, फोकस ग्रुप, डेल्फी की थेट कमिटीत जागा

सिलॅबस रिवाइज करताना कॉलेजबाहेरच्या लोकांना (हॉस्पिटल, दुकान, औषध कंपनी, पेशंट) विचारायचं हे सगळ्यांना पटतं, गाडी अडते ती कसं विचारायचं यावर. मी या चारही प्रकारांत बसलोय, म्हणून जे दिसलं ते लिहितो.

सर्व्हे सगळ्यात सोपा. फॉर्म पाठवला, आठवड्यात उत्तरं आली, चार्ट तयार. पण "कम्युनिकेशन महत्त्वाचं आहे का" असं विचारलं की सगळे "हो, खूप" वर टिक करतात, आणि त्यातून पहिल्या वर्षाचं टाइमटेबल काही बदलत नाही. आधीच ठरलेल्या गोष्टीला किती जणांचा पाठिंबा आहे ते बघायला सर्व्हे ठीक, नवीन काही त्यातून कळत नाही.

फोकस ग्रुपचं मात्र मला खरंच कौतुक आहे. सहा-आठ जण, दीड तास, आणि प्रश्न एकच: तुमच्याकडे नवीन आलेला फार्मासिस्ट शेवटचा कुठे अडकला? एका हॉस्पिटल फार्मासिस्ट मॅडमनी सांगितलं, संधिवाताच्या पेशंटच्या प्रिस्क्रिप्शनवर मेथोट्रेक्सेट रोज एक असं लिहिलेलं, खरं तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर बोन मॅरो दबून जीवावर बेतू शकतं. नवीन मुलाला हे सगळं पाठ होतं, औषध कसं काम करतं तेही त्याने घडाघडा सांगितलं, पण डॉक्टरांना फोन लावायला त्याचा हात उठेना. आता हे कुठल्या सर्व्हेत येणार सांगा! त्या एका किस्स्यावरून आम्ही प्रॅक्टिकलमध्ये डॉक्टरांना फोन करायचा सराव टाकला. पेशंटचा ग्रुप वेगळा घ्या पण, कारण मोठमोठ्या पदांवरच्या लोकांसमोर पेशंट गप्प बसतो, आणि इनहेलर वर्षभर चुकीचा ओढत होतो हे तोच सांगू शकतो.

डेल्फी ही रँड कॉर्पोरेशनने १९५० च्या दशकात काढलेली पद्धत, एक्स्पर्ट लोक नाव न कळता मत देतात, सगळ्यांची मतं एकत्र करून परत त्यांच्याकडे जातात, असे दोन-तीन राउंड. सीनियर माणसाचा दबाव येत नाही हा मोठा फायदा, पण महिने जातात आणि प्रत्येक राउंडला माणसं गळतात. मी म्हणेन डेल्फी वापरायची तर सिलॅबसमधून काय काढायचं यासाठी वापरा. कारण बाहेरचा कोणीही आला की वाढवा म्हणतो, इंडस्ट्रीवाला रेग्युलेटरी (औषधांचे सरकारी नियम) वाढवा, हॉस्पिटलवाला क्लिनिकल वाढवा, दुकानवाला काउन्सेलिंग वाढवा, आणि तास तर तेवढेच असतात. म्हणून विषयांच्या यादीसोबत एकूण तास द्या आणि त्यातच बसवायला सांगा, मग खरं मत बाहेर येतं.

राहिली कमिटीतली जागा. मताचा अधिकार असेल तरच द्या. नुसतं सल्लागार मंडळ, वर्षातून एक मीटिंग, तयार ड्राफ्ट समोर ठेवून "काही सूचना?", यात बाहेरचा माणूस स्पेलिंगच्या चुका काढून घरी जातो. ड्राफ्ट लिहायच्या आधी बोलवा, आणि विद्यार्थ्यांना ट्रेनिंग देणारे प्रिसेप्टर आधी घ्या, ते कॉलेजही बघतात आणि कामही. औषध कंपनीतला माणूस घेताना मात्र त्याचे हितसंबंध लेखी घ्या, चांगला माणूस असला तरी.

तर वेळ कमी असेल तर दोन फोकस ग्रुप, एक प्रिसेप्टरांचा एक पेशंटचा, आणि कमिटीत मतासह दोन जागा, एवढं करा. वर्ष हाताशी असेल तर मध्ये तास कापायला डेल्फी घाला. सर्व्हे शेवटी, तोही छोटा. आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का, हे एका पानावर लिहून नक्की पाठवा. आम्ही पहिल्यांदा पाठवलं नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी बोलावलं तेव्हा निम्मे लोक आलेच नाहीत.