पश्चिमेची खिडकी: काचेवर फिल्म की बाहेरून पडदा?

पश्चिमेच्या खिडकीशी बसून काम करणाऱ्याला दुखणं समजावून सांगावं लागत नाही. तीन वाजता ऊन टेबलाच्या कडेला येतं, चारला की-बोर्डवर आणि पाचला थेट डोळ्यांत. वरचा छज्जा इथे शोभेपुरताच, कारण तोवर सूर्य एवढा उतरलेला असतो की ऊन छज्ज्याच्या खालून घुसतं. आतल्या बाजूचा जाड पडदा उजेड अडवतो, धग अडवत नाही. ऊन एकदा काच ओलांडून आलं की ते पडद्याला तापवतं आणि तापलेल्या पडद्यातून निघणारी उष्णता काचेतून परत बाहेर पडत नाही. पांढरा पडदा थोडं ऊन परतवतो, पण थोडंच. म्हणून आतला पडदा मी या तुलनेत धरलेलाच नाही.

उरतात दोन गोष्टी. एक, काचेवर चिकटवायची सन कंट्रोल फिल्म. दोन, खिडकीच्या बाहेरून सोडायचा जाळीदार कापडाचा रोलर. मी आधी फिल्म लावली, तीन वर्षं तिच्यासोबत काढली, मग बाहेरचा रोलर बसवला. त्यामुळे पुढचं सगळं एका खोलीतल्या अनुभवावरचं आहे, तेवढ्याच मापाने घ्या.

फिल्मची बाजू आधी, कारण ती खरोखरच सोयीची आहे. अर्ध्या दिवसात काम उरकतं, भिंतीला भोक नाही, बाहेरून इमारतीच्या रूपात फारसा फरक नाही, वाऱ्यापावसाची चिंता नाही. रोज काही ओढायचं-सोडायचं नाही. बहुतेक फिल्म 99 टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण अडवतात. साधी काच त्यातले बरेचसे आत सोडते, म्हणून खिडकीसमोरच्या कपाटातल्या पुस्तकांचे कणे आधी फिकट पडत होते. फिल्म लावल्यावर ते विटणं मंदावलं. (थांबलं नाही. रंग नुसत्या उजेडानेही उडतो.) पहिल्या संध्याकाळी डोळ्यांवरचा ताण गेला, तेव्हा मी चार जणांना फिल्मची शिफारस करून मोकळा झालो होतो.

उष्णतेच्या बाबतीत मात्र हळूहळू एक गोष्ट जाणवू लागली. खोलीतला तापमापक पूर्वीपेक्षा कमी दाखवायचा, तरी खिडकीकडचा गाल तापायचा. काचेपासून वीतभर अंतरावर तळवा धरला तर तव्याजवळ धरल्यासारखं वाटायचं. माझी फिल्म गडद, ऊन शोषून घेणाऱ्या जातीची होती. शोषलेली उष्णता कुठे तरी जाणारच. काच तापते आणि त्यातला एक हिस्सा आत फेकते. आपल्या अंगाला नुसती हवा जाणवत नाही, आजूबाजूच्या पृष्ठभागांची धगही जाणवते, आणि हवा शांत असेल तर दोन्हींचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा असतो. म्हणून तापमापक खोटं बोलत नव्हता आणि गालही. चकाकणारी, ऊन परावर्तित करणारी फिल्म घेतली असती तर हे बरंच कमी झालं असतं, पण तिचा दुसरा त्रास आहे: दिवसा बाहेरच्यांना आतलं दिसत नाही आणि रात्री दिवा लावला की बरोबर उलट. तुम्हाला काचेत स्वतःचा चेहरा दिसतो आणि रस्त्यावरून तुम्ही.

तरी एवढ्यावरून मी फिल्म काढली नसती. काढली ती मोज्यांमुळे.

एका ढगाळ सकाळी, चांगले साडेनऊ वाजलेले असताना, त्याच खिडकीशी उभं राहून मोजे घातले आणि बाहेर पडलो. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं की एक काळा आहे आणि एक गडद निळा. हसण्यावारी नेलं. पण मग लक्ष जायला लागलं. पाऊस असला, आभाळ भरलेलं असलं की त्या खोलीत सकाळी अकरालाही दिवा लावावा लागत होता. सुईत दोरा ओवायला खिडकीशी जायची सवय होती, ती सुटून दिव्याखाली जायची लागली होती. खिडकीशी ठेवलेलं झाड दांडा ताणून वाढायला लागलं. आणि पाऊस पडून गेल्यानंतरचा तो पिवळसर उजेड बाहेर असायचा, आत त्याचा राखाडी काढा यायचा.

कारण अगदी साधं आहे आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. साधी काच 90 टक्क्यांच्या आसपास उजेड आत सोडते. माझी काच फिल्मसकट 35 टक्के सोडत होती. भर उन्हात याने काही बिघडत नाही, कारण बाहेर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) घरात उजेड असतो, त्यातला कितीही कापा, पुरून उरतो. पण ढगाळ दिवशी ज्या टेबलावर 400 लक्स पडले असते तिथे साधारण 150 उरतात. लिहिण्यावाचण्याच्या कामाला ऑफिसात 300 ते 500 धरतात. म्हणजे दिवसातल्या तीन तासांच्या उन्हासाठी मी उरलेला सगळा दिवस आणि वर्षातले सगळे ढगाळ दिवस मंद करून ठेवले होते. फिल्मला ऊन आहे की नाही हे कळत नाही. ती सतत तेवढाच कर घेते.

यावर एक रास्त हरकत येईल: आता अशा फिल्म मिळतात ज्या 70 टक्क्यांपर्यंत उजेड आत सोडतात आणि मुख्यतः अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पण उष्णता आणणारे किरण अडवतात. खरं आहे, आणि तशी लावली असती तर माझं मत कदाचित इतकं ठाम झालं नसतं. पण सूर्याच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग दिसणाऱ्या उजेडातूनच येतो. जेवढा उजेड आत घ्याल तेवढी ती उष्णता सोबत येणारच. शिवाय पाचच्या उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते ती त्या फिल्मने थांबत नाही. तिथे परत आतला पडदा आलाच.

आता बाहेरचा रोलर. ऊन काचेला लागायच्या आधीच अडतं, तापायचं ते कापड तापतं आणि त्याची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो. पाच वाजता काचेवर हात ठेवला तर ती कोमट लागते, एवढाच माझा पुरावा. कापड निवडताना एक गोष्ट उलटी वाटेल: गडद रंगाच्या जाळीतून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं, फिकट जाळी उन्हात स्वतःच उजळते आणि समोर पांढरा पट्टा दिसत राहतो. मी पाच टक्के मोकळ्या जागेची गडद जाळी घेतली. तिच्यातून समोरचं झाड दिसतं, सूर्याचा गोळाही दिसतो, पण डोळे मिटावे लागत नाहीत.

आणि खिडकी उघडी ठेवता येते. फिल्मच्या वेळी सरकती काच बाजूला केली की उघड्या भागातून ऊन जसंच्या तसं आत, म्हणून उन्हाच्या वेळी खिडकी बंदच राहायची. आता जाळी खाली सोडून काच उघडतो. वारा थोडा अडखळत येतो, पण येतो. हवा हलती असली की दोन-तीन अंश जास्त तापमानही चालून जातं, पंख्याखाली बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे.

त्रास आहेतच. जोराचा वारा सुटला की रोलर वर घ्यावाच लागतो, नाहीतर खालची दांडी भिंतीवर ठकठक करते आणि कापड शिडासारखं फुगतं. दोन्ही बाजूंना कापड जागेवर धरणाऱ्या ताणलेल्या तारा असतील तर हे कमी होतं. मी पहिल्यांदा तार न लावता बसवला आणि एका रात्रीत शहाणा झालो. जाळीत धूळ बसते, ती धुवावी लागते. भिंतीला भोकं पाडावी लागतात, इमारतीची परवानगी लागू शकते. आणि रोज दुपारी उठून तो सोडायचा असतो. विसरलात तर ऊन तुमची वाट बघत नाही.

म्हणून उंच मजल्यावर, जिथे वारा कधी थांबतच नाही, तिथे मी फिल्मच सुचवेन. काचेची झडप बाहेर उघडत असेल तरीही, कारण रोलर तिच्या आड येतो. भाड्याच्या जागेत बाहेर भोकं पाडू देत नसतील तर प्रश्नच मिटला, फक्त काढताना ब्लेडने गोंद खरवडायची तयारी ठेवा. फिल्म घेणारच असाल तर गडद छटेच्या मोहात पडू नका. नमुना काचेवर धरून दुकानातल्या दिव्याखाली नको, घरी ढगाळ दिवशी बघा. आणि काच दुहेरी किंवा जाड थराची असेल तर ती फिल्म त्या काचेला चालते का हे विचारून घ्या. शोषणारी फिल्म काचेचा मधला भाग तापवते, चौकटीत दडलेल्या कडा गार राहतात, आणि त्या ताणाने काचा तडकतात.

बाकी कुठेही, हात पोचेल अशी खिडकी असेल तर मी बाहेरूनच अडवेन.

वरच्या बंद तावदानावरची फिल्म मात्र मी काढलेली नाही. तिथे रोलर पोचत नाही आणि तिथून नुसतं आकाश दिसतं. खाली लख्ख उजेड आणि वर ती राखाडी पट्टी, दिसायला विचित्र आहे. आता सवय झाली.