उस्तादाचा डावा पाय

इंदूरमधल्या देवास नाक्यावरच्या एका गॅरेजात माझे ६२,००० रुपये गेले. गाडीचं खरं दुखणं निघालं ४,३०० रुपयांचं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही. ते का नाही, हे पुढे येईलच. पण ज्यांच्याकडे जुनी, हातानं गिअर टाकायची, जरा जास्तच जीव लावलेली गाडी आहे, त्यांनी हे वाचावं.

माझी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. मुंबईच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली. रामबागेतल्या आमच्या गल्लीत ती उभी केली की दूधवाल्याची सायकल जात नाही, म्हणून आईचं आणि गाडीचं पहिल्या दिवसापासून वैर.

गेल्या मे महिन्यात गिअर अडायला लागले. सकाळी ठीक असायचे. जवाहर मार्गाच्या गर्दीत अर्धा तास क्लच दाबत-सोडत काढला की पहिला गिअर पडायलाच तयार नाही, आणि रिव्हर्स टाकताना करकर. कधीकधी पेडल दोनदा पटापट दाबलं की गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा. ही दोनदा दाबायची सवय मला आपोआप लागली होती. गॅरेजच्या उस्तादाला, म्हणजे मेकॅनिकला, ती सांगायची मात्र राहून गेली. त्यानंही विचारली नाही.

उस्ताद बोलायला गोड. बॉनेट उघडायच्या आधी चहा आला. "भिया, ऐसी गाडी पूरे शहर में दो-चार होंगी," म्हणाला. जवळच्या पिथमपूरला गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, त्यावर धावणाऱ्या गाड्या आपणच 'सेट' करून देतो, असंही म्हणाला. मी खूश. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की मी तिथे निदान ऐकायला गेलोच नव्हतो, कौतुक ऐकायला गेलो होतो. माझ्या गाडीला साधंसुधं काही झालेलं मला आवडलंच नसतं.

मग ट्रायल. उस्ताद चालवतोय, मी शेजारी. बायपासला लागताच दुसरा गिअर टाकताना असा आवाज आला की दातात दगड आल्यासारखं झालं. तिसऱ्यालाही तेच. खरं म्हणजे दुसरा-तिसरा माझ्या हातात कधीच असे करकरले नव्हते. पण मी त्याच्या हाताकडे, गिअरच्या दांडीकडे बघत होतो. त्याचा डावा पाय क्लचवर कितपत खाली जातोय, हे बघायचं सुचलंच नाही.

"सिंक्रो गए. फ्लायव्हील भी देखना पड़ेगा. गिअरबॉक्स उतरेगा." सिंक्रो म्हणजे गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा.

अंदाज कच्च्या चिठ्ठीवर, पेन्सिलीनं. सिंक्रोचा संच, बेअरिंग, 'रेसिंगवालं' जीएल-५ गिअर ऑईल, मजुरी. पैसे यूपीआयनं तीन वेळा घेतले, तिन्ही वेळा वेगवेगळ्या नावांवर. बिल मागितलं तर "जीएसटी लगेगा भिया, अठरा टक्का फालतू जाएगा". आपले अकरा हजार वाचले म्हणून मी मनातल्या मनात हसलो. माझ्या मूर्खपणाची किंमत लावायची तर ती याच वाक्यापाशी लावावी.

सहा दिवसांनी गाडी मिळाली. सोबत फडक्यात गुंडाळलेल्या तीन पितळी रिंगा, दात झिजलेल्या. "आपकी गाडी के." गिअर अगदी मऊ पडत होते. त्या रात्री सराफ्यात सगळ्यांना भुट्ट्याचा कीस मी खिलवला. बाराव्या दिवशी छावणीच्या चौकात पहिला गिअर पुन्हा अडला.

फोन केला तर म्हणे नवीन माल आहे, 'बसायला' हजार किलोमीटर लागतात.

शेवटी नानामामांकडे गेलो. पिथमपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं गिअर कापण्याच्या मशीनवर काढलेला माणूस. चाक, बोल्ट, ऑईल काहीही न बघता त्यांनी एकच विचारलं, "अरे, इंजिन बंद असताना गिअर पडतात का?"

पडत होते. पाचही, आणि रिव्हर्सही. करंगळीनं.

"मग गिअरच्या पेटीला कशाला हात लावला?"

मामांचं म्हणणं सरळ होतं. इंजिन बंद असतानाही सगळे गिअर जड जात असतील तर दोष दांडीत, केबलमध्ये नाहीतर तिच्या टोकाच्या बुशात, किंवा खरंच पेटीत. बंद असताना सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबलं तरी इंजिन पेटीचा दांडा फिरवतच राहतं आणि फिरत्या दांड्यावर सिंक्रो बिचारा काय करणार? खात्रीसाठी त्यांनी मोकळ्या जागेत गाडी चालू केली, क्लच तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबले आणि रिव्हर्स टाकला. करकर. मग पेडल तीनदा पंप करून टाकला. गुपचूप पडला. "यात हवा आहे," म्हणाले.

या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो आणि ते तेल ब्रेकच्याच डब्यातून येतं. क्लचची नळी डब्याला जरा वरच्या बाजूला असते, म्हणून पातळी खाली गेली की ब्रेकच्या आधी क्लच रडतो. आमच्या डब्यातलं तेल चहासारखं काळं होतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्याकडे आल्यापासून ते कधी बदललेलं मला आठवत नाही. खालचा सिलिंडर, जो पेटीच्या बाहेरच बसतो, रबरी टोपीखाली ओला होता. वीस वर्षांच्या रबरानं आणखी काय करायचं? उस्तादानं फक्त तेल टाकून हवा काढली होती. तेवढ्यानं बारा दिवस भागलं. मग गळतीतून हवा पुन्हा आत शिरली.

पण पेटी खोललीच नव्हती, हे कशावरून? मामा गाडीखाली शिरले आणि मला बोलावलं. पेटी उतरवायची तर चाकांकडे जाणारे शाफ्ट सोडावेच लागतात. त्या बोल्टांच्या खाचांत काळी, दगडासारखी घट्ट घाण जशीच्या तशी भरलेली. हत्यार आत शिरल्याचा एक ओरखडासुद्धा नाही. ऑईलचा नट सोडला तर जुनंच काळं ऑईल बाहेर आलं. इथे मामा हसले. या पेटीला जीएल-४ प्रकारचं ऑईल लागतं. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत. "त्यानं तुला फसवलं म्हणून पेटी वाचली, प्रामाणिक असता तर वाट लागली असती." मला हसू आलं नाही. पितळी रिंगा त्यांनी व्हर्नियरनं मोजल्या. तिन्ही वेगवेगळ्या मापांच्या, बहुतेक दोन निरनिराळ्या गाड्यांच्या.

आणि तो ट्रायलचा आवाज? मामांनी चालत्या गाडीत क्लच अर्धाच दाबून दुसरा टाकला. तोच दगड, तेच दात.

नवा सिलिंडर, तेल आणि मजुरी मिळून ४,३०० झाले, पक्क्या बिलासकट. पेटीला हात न लावता, तीन तासांत.

मग मी गॅरेजात गेलो, एकटा नाही, मामांना घेऊन. उस्ताद आधी चढला, बोल्टांचे फोटो दाखवल्यावर उतरला, पण "बिल दिखाओ" हे पालुपद सोडेना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. माझ्या हातात उरले होते यूपीआयचे तीन व्यवहार आणि उस्तादानंच पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश, "गिअरबॉक्स का काम हो गया, सिंक्रो नए डाले". तो संदेश नसता तर काहीच नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मी त्याला त्याच्याच चहाच्या टेबलावर ऐकवलं. चौथ्या दिवशी २५,००० परत आले. उरलेल्यांसाठी तक्रारीचा मसुदा तयार आहे.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. जानेवारीच्या थंडीत, इंजिन गार असताना, दुसरा गिअर आता हलकासा ओरखडतो. मामा म्हणतात, तिथला सिंक्रो खरंच थोडा झिजलाय. पहिली दहा मिनिटं सावकाश टाकायचा, मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, अजून काही वर्षं काढेल.