सहा चॅनेलचा जुना ७४१ किट मिक्सर : काही महिने वापरल्यानंतर

ऐंशीच्या दशकात सुट्या भागांच्या किटमधून जुळवलेला सहा चॅनेलचा मोनो मिक्सर गेले काही महिने मिरजेत घरगुती बैठकींसाठी वापरतोय. गायक, पेटी, तबला आणि दोन तानपुरे एवढा संच असतो. आधी निकाल सांगतो. गळा आणि पेटी यांना हा मिक्सर पहिल्यापासून उत्तम होता. तबल्याला अडचणीचा होता आणि तानपुऱ्याला निरुपयोगी. आता सगळ्यांना चालतो. त्यासाठी भाग फार बदलावे लागले नाहीत, पण नेमके कुठले बदलायचे हे सर्किट वाचल्याशिवाय कळलं नसतं. असा जुना किट कुणाच्या हाती लागला तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

बोर्ड तपकिरी हायलमचा (लॅमिनेटच्या पत्र्याचा) आहे, एका बाजूला ट्रॅक, सगळे आयसी बेसवर. प्रत्येक चॅनेलला दोन ७४१ (सिग्नल वाढवणारा ऑप-अँप जातीचा आयसी) : पहिला माइकचा आवाज वाढवतो, दुसऱ्याभोवती बास-ट्रेबलचं सर्किट आहे. त्यापुढे १० किलोओहमचा लॉग स्लायडर, मग ४७ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि तिथून सगळे चॅनेल एका मिश्रणाच्या ७४१ ला जाऊन मिळतात. शेवटी आणखी एक ७४१ बाहेरच्या अँप्लिफायरसाठी. म्हणजे एकूण १४ आयसी, सगळे एकाच जातीचे. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, प्लस-मायनस १२ व्होल्ट. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा कागद चिकटवलेला आहे आणि तो अजून वाचता येतो. या मिक्सरची सर्वात मोलाची गोष्ट मला विचाराल तर तो कागद.

सगळीकडे ७४१ का, याला कारण आहे. फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागार यांनी १९६८ साली हा आयसी आणला तेव्हा त्यांनी ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच बसवला. त्याआधीच्या एलएम१०१ ला तो बाहेरून लावावा लागे. आतल्या कपॅसिटरमुळे ७४१ सहसा शिट्ट्या मारत नाही. नवशिक्याने थोडी वेडीवाकडी वायरिंग केली तरी सर्किट चालू होतं. घरी जुळवायच्या किटला याहून सोयीचं काय असणार? आपल्याकडे तो लॅमिंग्टन रोडला सहज मिळायचा, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतही. पण त्याच कपॅसिटरमुळे त्याची झेप ठरून गेली : गेन (सिग्नल किती पट वाढतो) आणि बँडविड्थ (किती उंच स्वरापर्यंत तेवढा वाढतो) यांचा गुणाकार साधारण १ मेगाहर्ट्झ. गेन जितका जास्त मागाल तितकी वरची बाजू कमी मिळते.

तानपुऱ्याचं दुखणं इथेच होतं. या किटच्या पहिल्या टप्प्यात २२० किलोओहम आणि १ किलोओहम अशी जोडी आहे, म्हणजे गेन २२१. एक मेगाहर्ट्झला २२१ ने भागा, साडेचार किलोहर्ट्झ येतात. तिथे आवाज ३ डेसिबल (डीबी) खाली आलेला असतो आणि ९ किलोहर्ट्झला ७ डीबी. गाण्याचे शब्द साडेचार किलोहर्ट्झच्या आत बरेचसे नीट ऐकू येतात, वर थोडा मऊपणा येतो. जुन्या मिक्सरच्या ‘उबदार’ आवाजाचं कौतुक होतं ना, त्यातला मोठा वाटा या भागाकाराचा आहे. पेटीलाही तो मऊपणा शोभतो. पण तानपुऱ्याचा जीव जवारीत. घोडी आणि तार यांच्यामध्ये दोरा सरकवून जे स्वर फुलवायचे ते सगळे वरचे स्वरांश. ते कापले गेले की तार छेडल्याचं कळतं, पण आस ऐकू येत नाही. ज्या गावात तानपुरे घडवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, तिथे असं रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं तरी कसं? ट्रेबलचा नॉब पूर्ण फिरवून थोडी भरपाई होते, पण त्यासोबत सूं सूं आवाजही तेवढाच वाढतो.

उपाय पहिल्या टप्प्यापुरताच केला. सहाही चॅनेलच्या पहिल्या ७४१ च्या जागी त्याहून मोठ्या झेपेचे एनई५५३४ हे ऑप-अँप बसवले. महत्त्वाच्या पाच पिना त्याच जागी आहेत, म्हणून बेसमधून एक काढून दुसरा लावता येतो. फक्त १ आणि ५ या पिनांना ऑफसेटचा प्रीसेट जोडलेला असेल तर तो आधी काढा, कारण ५५३४ मध्ये त्या पिनांची कामं वेगळी आहेत. माझ्या बोर्डवर त्या मोकळ्या होत्या. हा आयसी तीनपेक्षा जास्त गेनला बाहेरच्या कपॅसिटरशिवाय स्थिर राहतो, त्याखाली ५ आणि ८ या पिनांमध्ये २२ पिकोफॅरड लावावा लागतो. शिवाय तो चपळ असल्याने प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पिनांपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लागतोच. ७४१ ला तो नसला तरी चालून जातं, इथे नाही.

पण नुसता आयसी बदलून पैसे वसूल होत नाहीत. ५५३४ चा स्वतःचा नॉइज (तोच सूं सूं आवाज) दर रूट हर्ट्झला साधारण ४ नॅनोव्होल्ट. गेन ठरवणाऱ्या त्या जोडीतला १ किलोओहमचा रेझिस्टन्स एकटाच तेवढा नॉइज करतो. म्हणून ती जोडी २२ किलोओहम आणि २२० ओहम अशी केली. गेन १०१ झाला आणि रेझिस्टन्सचा नॉइज निम्म्याखाली आला. आता इथे कपॅसिटर विसरायचा नाही. १ किलोओहमसोबत १० मायक्रोफॅरड होता, तोच २२० ओहमसोबत ठेवला तर ७२ हर्ट्झपासून खालचा आवाज उतरू लागतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे वरची आस कमवायची आणि खालचा खर्ज घालवायचा. १०० मायक्रोफॅरड घातला की ही सीमा ७ हर्ट्झवर जाते. हा कपॅसिटर दुसऱ्या कारणानेही हवाच. ५५३४ चा इनपुट करंट ७४१ पेक्षा बराच जास्त, साधारण अर्धा मायक्रोअँपिअर. इनपुटच्या ४७ किलोओहमवर त्याने २३ मिलिव्होल्ट उभे राहतात. कपॅसिटर असल्यामुळे ते तेवढेच पुढे जातात. तो नसता तर शंभरपट होऊन दोन व्होल्टच्या वर गेले असते.

गेन जो कमी झाला तो मिश्रणाच्या टप्प्यात भरून काढला : तिथला ४७ किलोओहमचा फीडबॅक १०० किलोओहम केला, झालं.

एक सल्ला हमखास मिळतो की आधी मिश्रणाचे ४७ किलोओहमचे रेझिस्टन्स कमी करा, नॉइज तिथून येतो. तत्त्व खरं आहे. स्लायडर खाली असला तरी त्याचा रेझिस्टन्स मिश्रणबिंदूला जोडलेलाच राहतो, त्यामुळे सहा चॅनेलचा मिक्सर स्वतःचा नॉइज सातपट करतो, जवळपास १७ डीबी. पण आधी तपासून पाहा. सगळे स्लायडर खाली घेऊन हेडफोनवर ऐका, जो नॉइज उरतो तो मिश्रणाचा. मग एक स्लायडर वर घ्या. आवाज स्पष्ट वाढला तर दोषी पहिला टप्पाच, आणि माझ्याकडे तो खूपच वाढत होता. सहाही चॅनेल उघडे ठेवले तर तो आणखी जवळपास ८ डीबी वाढतो, म्हणून न लागणारे स्लायडर खाली ठेवायची शिस्त कुठल्याही नव्या आयसीइतकी कामाची आहे. बाकीचे आठ ७४१ मी जिथल्या तिथे ठेवले आहेत. २० किलोहर्ट्झला ७४१ चार व्होल्ट शिखरापर्यंत विकृतीशिवाय जातो आणि आमच्या बैठकीत तिथे एवढा सिग्नल कधीच नसतो. सगळे आयसी सरसकट बदलण्यात मला अर्थ दिसत नाही.

तबल्याचं दुखणं वेगळं आणि माझ्या मते ही या डिझाइनची खरी चूक. पहिल्या टप्प्याचा गेन ठरलेला, त्याला नॉबच नाही. जवळ ठेवलेल्या माइकवर जोरदार थाप पडली की पहिला आयसीच सप्लायला टेकतो. आवाज तिथे फाटल्यावर पुढे स्लायडर कितीही खाली घ्या, फाटलेलाच पण हळू ऐकू येतो. तबल्याच्या दोन चॅनेलमध्ये २२० ओहमच्या जागी १ किलोओहम लावून गेन २३ केला, कपॅसिटर तोच. आता डग्ग्याची घुमक पूर्ण येते. पॉट बसवता आला असता, पण पुढच्या पट्टीला नवं भोक पाडायची माझी इच्छा नव्हती.

हमबद्दल थोडक्यात. १०० हर्ट्झचा घरघराट असेल तर रेक्टिफायरनंतरचे इलेक्ट्रोलिटिक बदला, इतक्या वर्षांनी ते सुकलेलेच असतात. ५० हर्ट्झचा असेल तर अर्थ लूप किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र शोधा. इथे ट्रान्सफॉर्मर पहिल्या चॅनेलच्या अगदी शेजारी बसवायला सांगितला होता. तो वेगळ्या डब्यात घालून बाहेर काढल्यावरच पहिला चॅनेल वापरण्याजोगा झाला.

बास-ट्रेबलला हात लावलेला नाही. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दिलेलं तेच सर्किट आहे आणि नॉब मध्यावर असताना ते खरोखर सपाट राहतं. पेटीचा कर्कशपणा थोडा उतरवायला याहून नेमकं काही लागत नाही.

घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं : ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय (माइकच्या वायरीतूनच माइकला मिळणारी वीज) नाही, त्यामुळे त्यावर चालणारे कंडेन्सर माइक चालणार नाहीत. तानपुऱ्यांना मी सेलवर चालणारे इलेक्ट्रेट माइक लावतो. इनपुट अनबॅलन्स्ड आहेत, म्हणजे लांब वायरीत शिरलेली घरघर आपोआप रद्द होत नाही, म्हणून माइकची वायर खोलीभरापुरतीच ठेवा. मांडवात लांब वायरी ओढायच्या असतील तर हा मिक्सर त्यासाठी नाही. आणि विकत घेण्याआधी सहाही स्लायडर पूर्ण वर-खाली करून पाहा. खरखर क्लीनरने जाते, पण कार्बनचा पट्टा झिजून मध्येच आवाज गायब होत असेल तर त्याच लांबीचा, त्याच भोकांत बसणारा लॉग स्लायडर मिळवणं हे या सगळ्या कामातलं सर्वात अवघड काम आहे.