गुठळीरोधक औषधाची उंदरांवरील चाचणी : एका प्रयोगसेवेचा अनुभव

आमच्या नव्या गुठळीरोधक संयुगाची चाचणी आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून फेरिक क्लोराइड पद्धतीने करून घेतली. भूल दिलेल्या उंदराच्या मानेतील कॅरोटिड धमनी मोकळी करून तिच्यावर फेरिक क्लोराइडमध्ये भिजवलेला गाळणकागदाचा इवलासा तुकडा काही मिनिटे ठेवतात; त्याने धमनीला इजा होऊन गुठळी धरते आणि रक्तप्रवाह पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ डॉप्लर प्रोबने मोजतात. तंत्रज्ञाचा हात सफाईदार होता, धमनीला कुठेही ताण बसला नाही. पहिल्या तुकडीत मात्र औषध न दिलेल्या उंदरांचेच आकडे इतके विखुरले, की तुलना अशक्य झाली. कागदाचा आकार आणि द्रावणाची तीव्रता नोंदवहीत लिहिलेलीच नव्हती. ज्या प्रयोगासाठी जीव खर्ची पडतात, तिथे ही हयगय मला अक्षम्य वाटते. दुसरी तुकडी त्यांनी स्वखर्चाने केली आणि ती नीट जमली.

शेपटीच्या टोकाला छेद देऊन रक्तस्रावाचा वेळही त्यांनी आग्रहाने मोजला, हे योग्यच झाले, कारण गुठळी रोखणाऱ्या मात्रेत रक्तस्राव किती वाढतो, यावरच अशा औषधाचे भवितव्य ठरते.

सर्वांत मोलाचा ठरला तो त्यांचा सल्ला. आमचे दुसरे संयुग पार-१ या थ्रॉम्बिनग्राहीवर, म्हणजे गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनचा संदेश झेलणाऱ्या पेशीवरील प्रथिनावर, काम करते. उंदरांच्या प्लेटलेट्सवर (गुठळी बांधणाऱ्या रक्तकणांवर) तो ग्राहीच नसतो, म्हणून ते काम नाकारून त्यांनी गिनीपिग सुचवला. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होरापॅक्सार हे गुठळीरोधक औषध याच ग्राहीवर काम करते. पुढचे काम आम्ही त्यांच्याकडेच देत आहोत, परंतु नोंदींचा नमुना आधी लेखी ठरवून.