पहिली, चौथी आणि सातवी एकाच घरात: होमस्कूलिंगच्या पुस्तकांचा आमचा अनुभव

आमच्याकडे घरी शिकणारी तीन मुलं आहेत. थोरली सातवीच्या वयाची, मधला चौथीच्या आणि धाकटी पहिलीच्या. माध्यम मराठी, राहणं सासवडला. जूनपासून जी पुस्तकं वापरतोय त्यांच्याबद्दल आता, होळीच्या तोंडावर, खात्रीनं लिहिता येईल. कुठलं पुस्तक रोज हातात येतं आणि कुठलं कपाटातच राहतं, हे एव्हाना कळलंय. एकच मूल घरी शिकवणाऱ्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वेगवेगळ्या यत्तांची दोन-तीन मुलं असतील तर मात्र प्रश्नच बदलतो.

सातवीला मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल. चौथीला त्यातले चार-पाच. पहिलीला दोन भाषा आणि गणित. तिघांची बेरीज केली की पंधराच्या घरात जाते, आणि शिकवणारी मी एकटी. नवरा संध्याकाळी घरी येतो, तेव्हा वाचनाचा भाग तो घेतो. म्हणून पुस्तक निवडताना किंमत, छपाई, बोर्ड हे सगळं आम्ही नंतर बघितलं. आधी विचारलं ते एवढंच: याला माझी रोज किती मिनिटं लागतील, आणि मी शेजारी नसताना मूल यात किती पुढे जाईल? नऊ महिन्यांनंतरही माझी पहिली कसोटी हीच आहे.

यत्तावार तयार संचांचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच होते. ओळखीच्या एका कुटुंबाकडून आम्ही असे संच, एकेका यत्तेचं एकेक खोकं, महिनाभर आणून वापरले. रोज काय करायचं ते लिहिलेलं, साहित्य मोजून दिलेलं, कागद सुंदर. एक मूल असेल तर मी असा संच नक्की सुचवीन. पण चौथीच्या खोक्यात त्या आठवड्यात वाहतूक होती आणि पहिलीच्या खोक्यात झाडं. प्रत्येक खोक्यासोबत पालकांसाठी वेगळी पुस्तिका, आणि ती आदल्या रात्री वाचून ठेवायची. तीन यत्तांचे तीन संच म्हणजे खर्च तिप्पट आणि माझी तयारीही तिप्पट. मुलं एकमेकांशी बोलतील असा एकही विषय त्यांच्यात समान नव्हता. घरात तीन मुलं आहेत याचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच जातो.

मग आम्ही विषयांचे दोन गट पाडले. गणित आणि प्रत्येक भाषेचं वाचन-लेखन हा जिना आहे, खालची पायरी सोडून वर जाता येत नाही. तिथे ज्याचं त्याचं पुस्तक, ज्याची त्याची गती. इतिहास, भूगोल, परिसर, गोष्टी यांना असा जिना नाही. तिथे विषय सगळ्यांचा एक आणि काम वयाप्रमाणे वेगळं.

दुसऱ्या गटात आम्हाला सगळ्यात जास्त दिलं ते बालभारतीनं. १९६७ पासून महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या या संस्थेची पुस्तकं स्वस्त आहेत, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात. पण माझ्या दृष्टीनं त्यांचं खरं मोल इतिहासाच्या आखणीत आहे. चौथीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये पूर्ण वर्षभर शिवछत्रपती. सातवीच्या इतिहासात मध्ययुगीन काळ, म्हणजे पुन्हा शिवपूर्वकालीन महाराष्ट्र, स्वराज्यस्थापना, मुघलांशी संघर्ष, स्वराज्याचा कारभार. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून ठेवली तर जवळजवळ प्रकरणाला प्रकरण जुळतं. चौथीचं पुस्तक गोष्ट सांगतं, सातवीचं तीच गोष्ट कारणं, साधनं आणि कारभार यांच्या अंगानं मांडतं. चौथी आणि सातवी एकाच वेळी असलेल्या घरांनी हे वर्ष वाया घालवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुरंदरच्या तहाचा पाठ आमच्याकडे कसा झाला ते सांगते. मी चौथीचा पाठ तिघांना मोठ्यानं वाचून दाखवला. १६६५ सालची मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाची स्वारी, मुरारबाजीचं झुंजणं, मग तह. थोरलीनं नकाशावर किल्ले शोधले आणि महाराजांनी हा तह का स्वीकारला असेल यावर पानभर लिहिलं. मधल्यानं मुरारबाजीचा प्रसंग आपल्या शब्दांत सांगितला आणि त्यातली पाच वाक्यं वहीत उतरवली. धाकटीपुढे मी पस्तीस चिंचोके ठेवले. मुघलांना तेवीस किल्ले गेले, तेवढे बाजूला कर. तिनं मोजून बाजूला केले, उरलेले बारा पुन्हा पुन्हा मोजले आणि एकदम म्हणाली, "आई, म्हणजे जास्तीचे तर त्यांनाच गेले की!" थोरलीनं पानभर लिहिलं होतं त्याचं मूळ तेच होतं. पुढच्या रविवारी पुरंदरला गेलो. तिथे लष्कराचा तळ असल्यामुळे ओळखपत्र सोबत ठेवावं लागतं. वज्रगड पुरंदरला किती लगटून आहे, आणि तो शत्रूच्या हाती गेल्यावर पुरंदर लढवणं का अवघड झालं, हे तिथे उभं राहिल्यावर तिघांनाही सांगावं लागलं नाही.

भूगोलाचंही असंच. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, पाठ आहे. पुस्तकातल्या गोल गोल रेषा थोरलीच्या डोक्यात काही केल्या उतरेनात. दिवाळीच्या किल्ल्याची माती आणलेलीच होती. तिचा एक छोटा डोंगर टबमध्ये केला. धाकटी मगानं पाणी ओतायची, मधला पट्टी धरून दोन सेंटिमीटर झाले की थांबवायचा, आणि पाणी जिथे टेकलंय तिथे थोरली काडीनं डोंगराभोवती रेघ ओढायची. असं चार-पाच वेळा केलं, पाणी काढलं आणि वरून बघितलं. जिथे उतार उभा तिथे रेघा जवळ, जिथे पसरट तिथे लांब. तेच तिनं कागदावर काढलं आणि पुस्तकातला नकाशा स्वतःहून वाचला. मधल्याला सातवीचा पाठ चौथीतच मिळाला. यातून धाकटीनं काय उचललं ते मी तपासलं नाही, तपासायची गरजही वाटली नाही.

तिसरीचं मूल घरात असेल तर परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याच जिल्ह्याचं बघून घ्या. ते जिल्हावार वेगवेगळं निघतं.

आता गणित. इथे तिघांना एकत्र बसवण्याचा मोह टाळावा. पुस्तक ठरवण्याआधी प्रत्येकाला आदल्या यत्तेच्या पुस्तकातले सरावसंच सोडवायला दिले आणि जिथे अडखळलं तिथून सुरुवात केली. मधला भागाकारात तिसरीच्या पुस्तकावर होता आणि भूमितीत पाचवीच्या. शाळेत हे जमत नाही, घरी जमतं, म्हणून यत्तेचा आकडा मनावर घेऊ नये. दोन्ही धाकट्यांना बालभारतीची पुस्तकं आहेत. पहिलीचं पुस्तक २०२५-२६ पासून बदललंय, जुनी प्रत आणाल तर एवढं लक्षात ठेवा. सोबत गणितमाळ. शंभर मणी, दहा-दहाचे दोन रंग आलटून पालटून. घरी ओवली तर खर्च जवळजवळ नाही, आणि बेरीज-वजाबाकीला याच्याइतकं उपयोगी दुसरं साहित्य आमच्या घरात नाही.

थोरलीसाठी एनसीईआरटीचं, म्हणजे देशपातळीवर पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं, नवं 'गणित प्रकाश' घेतलं. सहावीचं २०२४ मध्ये आलं, सातवीचं २०२५ मध्ये. सुट्टीत सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली याचा मला फार आनंद आहे. त्यातल्या संख्यांच्या खेळांमध्ये ६१७४ ही कापरेकरांची संख्या आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. थोरली 'असं का होतं' यात अडकून बसली. मधल्यानं त्या दुपारी हातचा घ्यायच्या वजाबाक्या इतक्या केल्या, की मी सांगून त्यानं कधी केल्या नसत्या. गणितात वेगळी पुस्तकं हवीत हे खरंच, पण असं एखादं पान सापडलं की दोघांपुढे ठेवावं.

विज्ञानात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं केलेली 'हलकं फुलकं विज्ञान' ही मालिका मी सगळ्यात वर ठेवीन. प्राथमिक यत्तांसाठी आहे, मराठीतही आहे. पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तक आणि शिक्षकांसाठी पुस्तक असा जोड. आधी बघ, मोज, चित्र काढ, मग बोल अशी तिची रीत. शिक्षकांचं पुस्तक वाचायला वेळ जातो, पण तो मला वसूल वाटला. मुलानं चुकीचं उत्तर दिलं तर लगेच दुरुस्त करायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा, हे माझ्या अंगवळणी त्यामुळेच पडलं. सातवीचं विज्ञान मात्र या एकत्र बैठकीत बसत नाही. त्याला सलग वाचन, आकृत्या, व्याख्या लागतात. थोरली ते स्वतः वाचते आणि आठवड्यातून दोनदा आम्ही दोघीच बसतो.

भाषेच्या पाठ्यपुस्तकांवर फार लिहीत नाही, ती ठीक आहेत. वाचायला भरपूर मिळालं पाहिजे, हे महत्त्वाचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट आहेत, छापूनही घेता येतात. धाकटी पहिल्या पातळीवरून सुरू झाली आणि आता दुसऱ्या पातळीतल्या गोष्टी वाचते. मधल्यासाठी 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. थोरली धाकटीला रोज एक गोष्ट वाचून दाखवते, पण तिला धाकटीची शिक्षिका करायची नाही हे आम्ही ठरवून पाळलंय. गोष्ट वाचणं वेगळं, बाराखडी घोकून घेणं वेगळं. ते माझं काम आहे.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नसते आणि ती मधल्याबद्दल आहे. थोरलीचा अभ्यास अवघड म्हणून तिला वेळ जातो, धाकटीला स्वतः वाचता येत नाही म्हणून तिला वेळ जातो, आणि ज्याला स्वतःचं स्वतः करता येतं तो मधला मागे राहतो. तक्रार करत नाही म्हणून लक्षातही येत नाही. दिवाळीनंतर सकाळची पहिली अर्धा तास बैठक त्याचीच केली. तेव्हा थोरली विज्ञान वाचते आणि धाकटी गणितमाळ किंवा माती घेऊन बसते. भागाकार त्यानंतरच सुटला. तीन मुलं असतील तर वेळापत्रक मधल्यापासून लिहायला घ्या.

परीक्षेचं बरेच जण विचारतात. शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे कागदाचा विचार आपला आपणच करावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसू देते. विषय निवडता येतात, आणि नोंदणी पाच वर्षं टिकत असल्यामुळे ते टप्प्याटप्प्यानं देता येतात. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा आहेत. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म. तिन्हींचे नियम त्या त्या वर्षी मंडळाकडूनच बघून घ्या. आम्ही थोरलीचं एनआयओएस धरून चाललोय. म्हणून आठवीपासून तिचं गणित आणि विज्ञान जास्त काटेकोर होईल, एकत्र बैठका तिच्यासाठी कमी होतील.

जूनपासून इतिहासाची ही जुळणी मोडणार आहे. आठवीला आधुनिक भारत येतो आणि पाचवीला अश्मयुग, माणसाची वाटचाल. तिघांसाठी आठवीचा काळ धरायचा असं ठरवलंय. आजीच्या आठवणीतलं गाव, जुनी पत्रं, रेशन कार्ड असं घरातलंच साहित्य त्यात बसतं, आणि धाकटीलाही त्यात बोलता येईल. अश्मयुग मधला आणि धाकटी नंतर दोघं मिळून करतील. सध्याच्या चौथी आणि सातवीच्या पीडीएफ मी उतरवून ठेवल्यात. पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलतायत, आणि धाकटी चौथीत येईल तेव्हा मला हेच शिवछत्रपती हाताशी हवंय.