घाण्याचं शेंगदाणा तेल, करडई आणि खोबरेल: वर्षभर वापरल्यावर भूक, वजन आणि तपासण्यांचा अनुभव

रिफाइंड तेलाच्या पिशव्या बंद करून आमच्या पुण्याच्या घरी लाकडी घाण्याचं तेल सुरू केलं, त्याला आता वर्ष होत आलं. आधी शेंगदाणा, मग करडई, मध्ये सावंतवाडीच्या नणंदेने पाठवलेलं खोबरेल आणि आता पुन्हा शेंगदाणा. घाण्याच्या तेलाने भूक आटोक्यात राहते, वजन उतरतं, असं जो तो सांगतो. मला नेमकं तेच पाहायचं होतं. म्हणून तेल बदललं तरी नाश्ता, जेवणाच्या वेळा, संध्याकाळचं चालणं तेच ठेवलं आणि किटलीतून धार सोडण्याऐवजी तेल चमच्याने मोजून घातलं.

वजन तेल बदलून हललं नाही. तेल कुठलंही असो, ग्रॅमला ९ कॅलरी. मोठा चमचा घातला की १२० च्या आसपास गेल्या. घाण्यावर काढल्याने त्या कमी होत नाहीत. जे थोडं उतरलं ते चमचा हातात आल्यापासून. घाण्याच्या शेंगदाणा तेलाने त्यात खरी मदत केली: वास इतका खमंग की भाजी निम्म्या फोडणीतही फिकी लागत नाही. या एका गुणासाठी मी जवळजवळ दुप्पट पैसे आनंदाने मोजते.

भुकेचं मात्र नीट सांगायला हवं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं, जठर सावकाश रिकामं होतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. हे तिन्ही तेलांनी होतं, म्हणून त्यांच्यात मला फरक जाणवला नाही. फरक पडला तो तेल कशाबरोबर पोटात गेलं त्याने. पोह्यांत चमचाभर तेल घातलं, तर कुठलंही असो, साडेअकराला डबा उघडावासा वाटायचाच. तेच चमचाभर करडईचं तेल शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं घेतलं, सोबत ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ असली, की दोन वाजेपर्यंत खाण्याची आठवणही व्हायची नाही. उसळीतली प्रथिनं आणि चोथा यांचं हे काम आहे, त्याचं श्रेय तेलाला देऊ नये. सोलापूर-मराठवाड्याकडे चटणीवर तेल घेऊन भाकरी खातात, ती पद्धत मला आजच्या कुठल्याही डाएटपेक्षा शहाणी वाटते.

खोबरेलाबद्दल सर्वांत जास्त दावे ऐकले: चयापचय वाढतं, चरबी जळते. हे दावे मुळात एमसीटी तेलावरच्या, म्हणजे मध्यम लांबीची मेदाम्लं वेगळी काढून केलेल्या तेलावरच्या, प्रयोगांतून आले आहेत. त्यातली ८ आणि १० कार्बनची आम्लं सरळ यकृतात जाऊन लवकर जळतात. पण साध्या खोबरेलात ही आम्लं थोडीच असतात. जवळपास निम्मा भाग १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा, आणि त्याचा बराचसा हिस्सा इतर तेलांसारखाच लांबच्या वाटेने रक्तात येतो. मला ना भूक कमी झालेली जाणवली, ना अंगात वेगळी ऊब. उलट त्या काळात यांच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चढलेलं निघालं. एका माणसाच्या रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही, पण २०२० साली १६ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी १० मिलिग्रॅमने जास्त आढळलं होतं. माशाच्या कालवणाला त्याची चव दुसऱ्या तेलाने येत नाही. तेवढ्यापुरतं ते घरात राहील.

म्हणजे तेलाची जात बिनमहत्त्वाची आहे का? अजिबात नाही, फक्त तिचं हे काम भुकेत किंवा वजनात दिसत नाही. स्वीडनमधल्या उप्साला इथे २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. ३९ तरुण माणसांना ७ आठवडे जास्तीचे मफिन खायला दिले, काहींना पाम तेलाचे, काहींना सूर्यफूल तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखंच, साधारण १.६ किलो वाढलं, पण पाम तेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी जास्त साठली. सूर्यफुलासारखंच आपल्याकडचं पारंपरिक करडई तेलही लिनोलिक आम्ल या असंतृप्त मेदाम्लाने भरलेलं असतं, सुमारे ७५ टक्के. महाराष्ट्र आणि कर्नाटकात पिकणारं हे तेल आपल्या स्वयंपाकघरांतून इतकं मागे पडावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक मर्यादा लक्षात ठेवा: ते तळणीला घेऊ नका आणि तापवलेलं पुन्हा वापरू नका, लिनोलिक आम्ल उष्णतेत लवकर बिघडतं.

घाण्याचं तेल घेताना दाणे डोळ्यांनी बघा. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरू शकतं. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं, इथे ती सोय नाही. एका घाण्यावर खवट दाणे दिसले, तिथून आम्ही तेल घेतलं नाही. डब्याच्या तळाशी बसणारा गाळ आणि तळताना येणारा फेस यांची मात्र काळजी नको.

सध्या रोजच्या फोडणीला शेंगदाणा, चटणीवर घ्यायला करडईची लहान बाटली, माशांना खोबरेल. बैठं काम असणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरतं, त्या हिशेबाने आम्हा चौघांना महिन्याला तीन किलोच्या आत भागवायचं असतं, आणि बाहेरचं खाणं धरलं तर त्याहूनही कमी.